दोनाचे तीन

पेशंटशी खोटं बोलायचं असेल तर आधी गणित पक्कं करून या, एवढा एक सल्ला मी सुरुवातीलाच देऊन टाकते. बाकीचं सावकाश सांगते.

गेल्या महिन्यात सिनसिनाटीहून एका बाईंचा फोन आला. इथल्या मराठी मंडळातल्या कुणीतरी त्यांना माझा नंबर दिला होता. त्यांचे सासरे भारतातून सहा महिन्यांसाठी आलेत आणि इथे आल्यावर त्यांना ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर निघालाय, म्हणजे माझाच आजार. बाई अगदी दबक्या आवाजात बोलत होत्या. "डॉक्टर जे इंग्लिशमध्ये सांगतात ना, ते मी त्यांना मराठीत सांगते. पण मधलं थोडं गाळते. बरोबर आहे ना हो?" मी ततपप केलं आणि "त्यांना जेवण जातंय का," असलं काहीतरी विचारून फोन ठेवला. मग दिवसभर माझं कामात लक्ष लागेना. त्या बाईंना जे सांगायला हवं होतं ते इथे लिहिते आहे.

मीटिंग कॅन्सल करा

आम्ही तेव्हा ओहायोतल्या डब्लिनला राहत होतो. अजूनही तिथेच आहोत. मी कोलंबसमधल्या एका कंपनीत प्रोग्रामर, माझा नवरा मिलिंद एका लॅबमध्ये केमिस्ट, आणि मुलगी प्रज्ञा मिडल स्कूलमध्ये. ऑगस्ट संपत आला होता. माझ्या पायांवर निळे डाग उठत होते, दात घासताना रक्त येत होतं, जिना चढले की धाप लागत होती. मी म्हटलं, शाळा सुरू व्हायची गडबड आहे, दमले असेन. बायकांना दमायची इतकी सवय असते की आजार आणि दमणं यातला फरक आम्हाला कळत नाही.

सकाळी फॅमिली डॉक्टरांकडे रक्त देऊन ऑफिसला गेले. दुपारी त्यांचा फोन आला. "आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये जा. आणि स्वतः ड्राइव्ह करू नका."

"मला चारला मीटिंग आहे," मी म्हटलं.

ते म्हणाले, "मीटिंग कॅन्सल करा." मी मिलिंदला फोन लावला.

हॉस्पिटलमधली डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होती. तिने खुर्ची पलंगाजवळ ओढली, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि आजाराचं नाव सांगितलं. आम्ही काही विचारायच्या आत बरं होण्याची टक्केवारीही सांगून टाकली. ती टक्केवारी मी इथे लिहिणार नाही. तुमची वेगळी असेल, आणि वाचून तुम्ही रडत बसाल.

नागपूरला आमच्या गल्लीत कॅन्सर झालेल्या कुणालाही कॅन्सर झाला होता असं कधी कळलंच नाही. कुणाला अशक्तपणा होता, कुणाला पोटात साधी गाठ होती. सगळे साध्या गाठीनेच गेले. आणि ही पोरगी माझ्या तोंडावर टक्के सांगत होती! मला इतका राग आला की मी मराठीतच बोलले, "अगं बाई, जरा आडवळणाने सांगायची पद्धत नाही का तुमच्यात?"

डॉक्टरने मिलिंदकडे बघितलं. "काय म्हणाल्या त्या?"

"थँक यू म्हणते आहे," मिलिंद म्हणाला.

मला त्याही परिस्थितीत हसू फुटलं, आणि हसता हसता मी रडायला लागले. डोळे पुसून झाल्यावर मी डॉक्टरला सांगितलं, यापुढे मला कसलेही आकडे सांगायचे नाहीत. रिपोर्ट, काउंट, टक्के, सगळं ह्याला सांगा, हा मला सांगेल. तिने दोनदा विचारलं, नक्की का? नक्की. तिने फाइलमध्ये तशी नोंद केली आणि म्हणाली, "विचार बदलला तर कधीही सांगा." मला वाटलं, मी मोठी हुशारी केली.

त्या संध्याकाळी मी आईला फोन करून सांगितलं की व्हायरल ताप आहे, जाईल चार दिवसांत. म्हणजे खोटं बोलायला माझ्यापासूनच सुरुवात झाली.

कुलकर्णीकाकांचा आकडा

कुलकर्णीकाका पुण्याचे. खूप आधी इथे आलेले, आता रिटायर झालेले इंजिनियर. काकू काही वर्षांपूर्वी गेल्या. आमची आणि त्यांची ओळख मंडळातली. गणपतीला आम्ही त्यांच्याकडे जेवायला जायचो, पण आरतीला मागे उभे राहायचो. एप्रिलमध्ये आमच्या जयंतीच्या कार्यक्रमाला ते पहिल्या रांगेत बसून भाषणं ऐकायचे आणि मग वक्त्याच्या चुका काढायचे.

मला ॲडमिट केल्यावर मिलिंदला गाडी चालवायचं भान राहिलं नव्हतं. त्याने एकदा लाल सिग्नलला गाडी पुढे नेली. तेव्हापासून काकाच त्याला रोज सकाळी घेऊन यायचे. पहिल्या दिवशी ते पुडीत अंगारा घेऊन आले. पॅम नावाची उंच, दणकट नर्स होती, तिने पुडी उघडून बघितली आणि ठणकावून सांगितलं, ह्या खोलीत धूळ चालणार नाही. ताजी फुलं नाहीत, कच्ची फळं नाहीत, पेपरसुद्धा नाही. काका ओशाळून मला म्हणाले, "तुमच्यात चालत नाही हे माहीत होतं गं मला. पण राहवलं नाही."

"राहू द्या काका, तुमची पुडी अमेरिकेनेच परत पाठवली. माझ्यावर आळ नको," मी म्हटलं.

मग अंगाऱ्याऐवजी ते बेसबॉल घेऊन आले. इथे क्रिकेट दिसत नाही म्हणून काकांनी बऱ्याच वर्षांपूर्वी बेसबॉल धरला होता आणि तो त्यांना पक्का चिकटला होता. आमच्या ओहायोच्या टीमचा सीझन संपत आला होता. प्लेऑफची एकच जागा उरली होती आणि त्या जागेवर दुसरी टीम बसली होती. आमची टीम तिच्या मागे धापा टाकत होती.

"आता बघ," काका मास्कच्या आतून म्हणाले. "मागे असलेल्या टीमचा एक आकडा असतो. आपण एक मॅच हरलो की त्यातला एक गेला. पुढची टीम एक जिंकली की आणखी एक गेला. शून्य झालं की घरी जायचं."

"आणि आपण जिंकलो की?"

"तर काही जात नाही. आहे तिथे राहतो."

"वाढत नाही?"

"वाढत कधीच नाही."

"हा कसला मेला खेळ काका? जिंकून काही मिळतच नाही?"

"वेळ मिळतो की," काका म्हणाले.

तेव्हा मी चेष्टा केली, पण तो आकडा माझ्या डोक्यात बसला. मला स्वतःचे आकडे नको होते ना, मग रिकाम्या डोक्यात टीमचा आकडा येऊन राहिला. सकाळी काका आले की नमस्कारच्या आधी मी विचारायची, "किती?" ते सांगायचे, आपलं काय झालं, त्यांचं काय झालं, किती गेले, किती उरले. मी पडल्या पडल्या हिशोब करायची. आज आपण जिंकलो आणि ते हरले तर काय, ते जिंकले तर काय. केमोच्या बाटल्या वरून थेंबथेंब उतरत असायच्या आणि मी बोटांवर शक्यता मोजत असायची. मिलिंदला खेळातलं ओ की ठो कळत नाही. तो कोपऱ्यात बसून आमच्याकडे वेड्यांकडे बघावं तसं बघायचा.

आता एक गोष्ट सांगते, जी मी तेव्हा कुणालाच सांगितली नव्हती. माझ्या वडिलांनी नागपूरला दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरात नवस, उपास, अंगारे-धुपारे बंद. परीक्षेच्या आधी मैत्रिणी देवळात जायच्या तेव्हा बाबा मला म्हणायचे, तू अभ्यास कर. अशा घरात वाढलेली मी, एका सकाळी छताकडे बघत मनात बोलून गेले, ही टीम प्लेऑफमध्ये गेली तर मी जगले. बोलले आणि मलाच लाज वाटली. देवाला नाही तर नाही, दाढ्या वाढवलेल्या, तंबाखू थुंकणाऱ्या नऊ पोरांना मी नवस बोलले होते. पण एकदा बोलून बसल्यावर तो परत घेता येईना. आणि तेव्हापासून प्रत्येक मॅचची मला भीती वाटायला लागली.

तोंड धुवा, वजन करा

हॉस्पिटलचा दिवस फार लहान लहान गोष्टींचा असतो. उजाडायच्या सुमाराला रक्त काढायला यायचे. मग वजन. मग एका खारट पाण्याने तोंड धुवायचं, दिवसभर, पुन्हा पुन्हा. तोंडात इतके फोड आले होते की स्वतःची थुंकी गिळायची हिंमत होत नव्हती. पॅम बर्फाचे कण आणून द्यायची, नाहीतर संत्र्याचं पॉप्सिकल, म्हणजे आपली आइसकांडी. दुसरं काही जात नव्हतं. तुमच्या माणसाला जेवण जात नसेल तर पोळीभाजीचा आग्रह करत बसू नका, पॉप्सिकल द्या.

केस उशीवर गळायला लागले तेव्हा मिलिंदने ते गुपचूप गोळा करून टाकले. मी बघत होते हे त्याला माहीत नव्हतं.

आमची भांडणंही झाली. प्रज्ञाला त्या खोलीत यायला परवानगी नव्हती. तिच्या डब्यावरून, तिला कोण आणणार यावरून, माझ्या आईला सांगायचं की नाही यावरून आम्ही दबक्या आवाजात भांडायचो. एकदा मी त्याला म्हटलं, "तू माझ्याकडे असं मेलेल्या माणसाकडे बघितल्यासारखं बघू नकोस." तो उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. मास्कमुळे एकमेकांचा अर्धाच चेहरा दिसतो. त्याचे नुसते डोळे बघून मी घाबरायची.

प्रज्ञाशी रोज फोनवर बोलायची. ती पण त्या टीमच्या मागे वेडी होती. मी मराठीत विचारायची, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. "मॉम, वुई आर सो नॉट डेड यट!" ती ओरडायची. तिला वाटायचं आपण बेसबॉलबद्दलच बोलतोय.

ह्या उपचारात तुमचे रक्तातले काउंट मुद्दामच शून्यावर नेतात. वाईट पेशी मारायच्या म्हणून चांगल्याही मारतात आणि मग वाट बघतात. मला आकडे नको होते, पण एवढं पॅमने समजावलं होतं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं होतं की माझा आकडा शून्यावर जाऊन परत वर यायला हवा, आणि टीमचा एकदा शून्यावर गेला की संपलं. दोघांचा काही संबंध नाही हे मला कळत होतं. तरीही काका दारात दिसले की मी आधी त्यांच्या डोळ्यांत आकडा शोधायची.

ताप

काउंट शून्यावर असताना ताप आला. जेवणाच्या ताटावरचं झाकण उचलायला गेले आणि हात थडथड उडायला लागला. मग दात, मग सगळं अंग. पलंग हलत होता. चार माणसं आत आली. मी मिलिंदला शोधत होते आणि तो भिंतीला टेकून उभा होता, त्याला पुढे येता येत नव्हतं. मी घाबरले होते. शूर वगैरे अजिबात नव्हते. मी ओरडत होते, आई गं, मला मरायचं नाही. मराठीत ओरडत होते, त्यामुळे निदान पॅमला तरी कळलं नसावं. तिने एका गरम कपाटातून ब्लँकेटं आणली आणि मला गुंडाळलं. त्या ब्लँकेटांची ऊब मला अजून आठवते. त्या आठवड्यातली तेवढी एकच चांगली गोष्ट.

नंतर बरेच दिवस मी धड शुद्धीत नव्हते. उजेड सोसत नव्हता, आवाज सोसत नव्हता. टीव्ही बंद करून टाकला होता, पेपर तर येतच नव्हता. मध्येच डोळे उघडले की मी विचारायची, "किती?" पॅम बिचारी अंदाजाने मला ब्लडप्रेशर सांगायची.

मिलिंद सांगायचा, "पाच." मग "चार." मग "तीन." मग "दोन."

दोन ऐकलं त्या दिवशी ताप उतरायला लागला होता. मला चांगलं समजत होतं. दोन म्हणजे आपण एक हरायचं आणि त्यांनी एक जिंकायचं, की आटोपलं. एका दिवसात आटोपू शकतं. मी दिवसभर तेच गणित करत राहिले. त्याच दिवशी माझ्या कमरेच्या हाडातून मॅरो, म्हणजे आतला मगज, तपासायला काढला होता. वाईट पेशी गेल्या की नाही ते त्यात दिसणार होतं. तो रिपोर्ट दोनेक दिवसांत येणार होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा "दोन". म्हणजे आपण जिंकलो असणार आणि ते हरले असणार. माझ्या जिवात जीव आला. संध्याकाळी प्रज्ञाला फोन केला, "बघितलंस का गं, अजून दोनावरच आहे!" ती म्हणाली, "आय हॅव होमवर्क, मॉम," आणि फोन ठेवला. ह्या मुलीने आयुष्यात कधी आपणहून होमवर्कचं नाव काढलेलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दोनाचे तीन

त्याच्या पुढच्या सकाळी मिलिंद एकटाच आत आला. काका गाडी पार्क करत होते. मी विचारलं, "रिपोर्ट आला?"

"नाही. लॅबला उशीर होतोय म्हणे."

"बरं. किती?"

"तीन!" तो मोठ्या उत्साहाने म्हणाला. "काल आपण जिंकलो ना, म्हणून दोनाचे तीन झाले. चांगलं आहे ना?"

वाढत कधीच नाही. काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हरून कमी होतो, जिंकून आहे तिथे राहतो, पण दोनाचे तीन जगाच्या पाठीवर होत नाहीत.

आणि मग मला दुसरी गोष्ट कळली. हा माणूस माझ्याशी खोटं बोलतोय. चेहरा हसरा ठेवून, डोळ्यांत बघून. आणि माझे सगळे आकडे ह्याच माणसाकडून येतात. मीच तशी व्यवस्था केली आहे. लॅबला उशीर वगैरे काही झालेला नाही.

काका आत आले, गाऊनची नाडी बांधत. मी विचारलं, "काका, तो आकडा वाढतो का हो कधी?"

काकांनी मिलिंदकडे बघितलं. "अरे, दोनच सांगायचं ठरलं होतं ना आपलं!"

मग त्यांच्या लक्षात आलं. ते मटकन खुर्चीत बसले.

"कधी संपलं?" मी विचारलं.

"तुझा ताप उतरला त्या दिवशी. त्याच दिवशी शून्य झालं," काका म्हणाले. "तू इतकी धरून बसली होतीस गं. आम्ही म्हटलं, थोडी ताकद येऊ दे. प्रज्ञालाही बजावून ठेवलं होतं."

"आणि माझा मॅरो?"

मिलिंद खिडकीकडे गेला. खिडकीतून पार्किंगची गच्ची दिसायची, बाकी काही नाही. "मित्रा," तो म्हणाला. माझं नाव संघमित्रा, पण मित्रा तो फक्त अगदी अडचणीत सापडला की म्हणतो. "मित्रा, आज नको ना."

मी बटण दाबलं. पॅम आली. मी म्हटलं, माझ्या फाइलमधली ती नोंद काढून टाका. डॉक्टरला बोलवा, आणि जे आहे ते मला सांगू दे. पॅमने माझ्याकडे आणि त्या दोघांकडे बघितलं. "आर यू शुअर, हनी?" मी अजिबात शुअर नव्हते. मी मान डोलावली. डॉक्टर येईपर्यंतचा वेळ माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट वेळ. त्या वेळात मी मेले, माझं सगळं झालं, प्रज्ञाला सावत्र आई आली, आणि त्या बाईला मराठी येत नव्हतं.

डॉक्टर आली. पहिल्या दिवसासारखीच खुर्ची ओढून बसली. वाईट पेशी बऱ्याच कमी झाल्या होत्या, पण सगळ्या गेल्या नव्हत्या. आणखी एक राउंड द्यावा लागणार होता, पहिल्यापेक्षा जोरकस. त्याने होईलच अशी खात्री नव्हती, पण पुष्कळांचं होतं. हे सगळं मिलिंदला आदल्या दिवशीच कळलं होतं.

तुम्हाला वाटेल, ऐकून मी कोसळले. मला वाईट वाटलं, मी रडले, पण एक नवल झालं. डॉक्टर येण्याआधी मी जे काही मनात बघितलं होतं, त्यापेक्षा हे लहान होतं. ह्याला कडा होत्या. दुसरा राउंड, मग पुन्हा मॅरो. हे मला धरता येत होतं. आणि माझा नवस? टीम गेली होती, चक्क दोन दिवसांपूर्वीच, आणि मी ते कळायच्या आत दोन पॉप्सिकलं खाल्ली होती. त्या नवसाला मी स्वतःच नाक मुरडलं आणि मनातल्या मनात बाबांची माफी मागितली.

मिलिंदशी मात्र मी दोन दिवस बोलले नाही. त्याने जवळ येऊन बसावं आणि मी भिंतीकडे तोंड करावं. शेवटी तो म्हणाला, "तू ओरडत होतीस ना तेव्हा, मरायचं नाही म्हणून. मला दुसरं काय करता येत होतं? एवढंच जमत होतं." मी म्हटलं, "पुन्हा खोटं बोलायचं असेल तर काकांची शिकवणी लाव."

शेवटची मॅच

सीझनच्या शेवटच्या रविवारी दुपारी काका छोटा रेडिओ घेऊन आले. पॅमने तो आधी औषधाच्या फडक्याने पुसून घेतला. आमची टीम खेळत होती. कशासाठी खेळत होती कोण जाणे. आकडाच उरला नव्हता. तरी लोक आले होते, ओरडत होते, कुणीतरी चांगला मारला की टाळ्या पडत होत्या. कितीतरी आठवड्यांनी मी एक मॅच न घाबरता ऐकली. मध्येच काका रेडिओकडे बघत म्हणाले, "सुमनला आम्ही सांगितलं नव्हतं."

सुमन म्हणजे काकू.

"रोज विचारायची, डॉक्टर काय म्हणाले? मी म्हणायचो, सुधारणा आहे. शेवटी शेवटी तिने विचारणं बंद केलं. मला वाटलं, बरं झालं, हिचा विश्वास बसला." काकांनी चष्मा काढून पुसला. "नंतर तिच्या कपाटात बघतो तर माझे हिवाळ्याचे कपडे सगळे लावून ठेवलेले. बटणंबिटणं शिवून. तिला सगळं माहीत होतं. आम्ही दोघं एका घरात असून एकमेकांशी बोललोच नाही गं."

हातमोजा घातलेला त्यांचा हात मी धरून ठेवला. आमची टीम ती मॅच हरली.

मराठीत सांग

दुसरा राउंड पहिल्यापेक्षा वाईट गेला. त्यावर जास्त लिहीत नाही. पुन्हा फोड, पुन्हा ताप, पुन्हा ब्लँकेटं. फरक एवढाच की रोज सकाळी डॉक्टर आकडे मला सांगायची आणि मग मी मिलिंदला सांगायची. भीती होतीच. अजूनही आहे. परवा साधी सर्दी झाली तरी मी आरशात हिरड्या बघत होते. मधल्या काळात आईलाही खरं काय ते सांगितलं. ती महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाही, आजारामुळे नाही, तर लपवल्यामुळे.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधी, पुन्हा मॅरो झाला. रिपोर्ट आला तेव्हा मिलिंद खाली कॉफी आणायला गेला होता. डॉक्टर आत आली, खुर्ची ओढली, आणि मला सांगितलं. मग विचारलं, "मिस्टरांना मी सांगू की तुम्ही?"

मी म्हटलं, मी.

मिलिंद दोन कप घेऊन दारात आला. मास्क, गाऊन, सगळं घालून. डॉक्टरला बघून तिथेच थबकला. मी म्हटलं, "मिलिंद, गेलं. मॅरो साफ आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. कप तसेच हातात.

"खरं सांग," तो म्हणाला.

"अरे खरंच."

"तू मला सांभाळून घेतेस. मला माहीत आहे. खरं काय आहे ते सांग, मी ऐकेन."

मी किती वेळा सांगितलं, त्याला पटेचना. मला राग यावा की रडू यावं कळेना. शेवटी तो डॉक्टरकडे वळला. "प्लीज, तुम्हीच सांगा. जे आहे ते."

डॉक्टरने सगळं पुन्हा सांगितलं. वाईट पेशी दिसत नाहीत. ही आनंदाची गोष्ट आहे. पण आजार परत येऊ शकतो, म्हणून आणखी उपचार घ्यावे लागतील आणि पुढची काही वर्षं सतत तपासत राहावं लागेल. ती हळू, सोप्या इंग्लिशमध्ये बोलली. मिलिंदने इथे पीएचडी केली आहे, दिवसभर लॅबमध्ये इंग्लिशच बोलतो.

तिचं बोलणं संपलं तेव्हा तो माझ्याकडे वळला. हातातली कॉफी गाऊनवर सांडली तरी त्याच्या लक्षात आलं नाही.

"काय म्हणाल्या त्या?" त्याने मला विचारलं. "मराठीत सांग."

मग मी त्याला सांगितलं, पहिल्यापासून, साफ आहे ते आणि परत येऊ शकतं तेही, मधलं काही न गाळता.